पायाळूचा पाय

कुरखेडा
२८ ऑक्टोबर १९५७

जाफर गा,

तुले नमस्कार, जरीनावैनीले सलाम, अन् आमच्या घरच्या शकुबाईचा दोघाइले रामराम. कारन असल्याबिगर मी दौतीत टाक बुडवनारा मानूस नाई, हे तुले मालूमच आहे. तर कारन असं, की मले उसन भरली आहे अन् ती काही केल्या निघून नाई राह्यली.

उजव्या बाजूच्या फासळ्याइखाली दुखते. तिथून उडी मारते ते थेट उजव्या खांद्याच्या टोकावर जाऊन बसते. मधात काहीच नाई. श्वास मोठा घेतला की चमकते, शिंक आली की जीव कासावीस होते, अन् उजव्या कुशीवर तर झोपताच येत नाई. गंमत अशी, की खांदा कितीबी चोळला, दाबला, हात गरागरा फिरवला, तरी तिथी काही सापडत नाई.

इथी ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारन. शेजारचा मुखरूभाऊ म्हनते, धानाचे भारे कावडीनं वाह्यले त्याचं आहे. शकुबाई म्हनते वारा भरला. आमची सोनीबाई आत्या म्हनते, लहानपनी मोहाच्या झाडावरून पडलो होतो तो मार आता वर आला. त्या टायमाले खाली उभा राहून 'आनखी वर चढ' म्हननारा तूच होता, म्हनून थोडा आळ तुझ्यावर बी आहे. मी म्हनतो, काही नाई, पावसाळ्यात धानाच्या रोवन्याच्या वक्ती आव लागली होती, तिनं अंग खाल्लं. अशक्त आंगात उसन घुसनारच.

अन् उसन म्हनलं की मले दुसरं कोन आठवन गा? आपली शाळा सुटली की तुमच्या पडवीत उसनवाल्याइची रांग लागे. सलीमाचाची सांगे, माझा जाफर पायाकडून जन्मला, सुईन घाबरून पळाली. तू पायाळू, तुझा पाय पाठीले लागला की उसन पळे. बाया, बुढे, गोंडाच्या वस्तीतले, टोल्यावरचे लोक, सारे पालथे पडत, अन् तू एवढासा पोट्टा, उजवा पाय उचलून तीनदा लावे. आपले गुरुजी आठवते? तुले पाढे येत नाई म्हनून सकाळी छडी मारली, अन् दुपारी त्याच शाळेच्या आंगनात तुझ्यापुढं पालथे पडले. तू जरासा जोरातच हानला होता. मी पाह्यलं ना.

कुरखेडा सोडून तुले आठ-नऊ वर्सं झाली. पहिले वर्सातून एकदा तरी येत होता, दोन वर्सं झाली तर तेबी नाई. यंदा मंडईच्या जत्रेले ये. दंडारीच्या नाचात ढोलकी माझीच आहे, पन ह्या खांद्यानं ती वाजत नाई. तू ये, तीनदा पाय लाव, अन् मी मोकळा.

तुझा
नानाजी

बल्लारपूर
३ नोव्हेंबर १९५७

नानाजी,

तुझं पत्र वाचून जरीना लय हसली. गुरुजीची गोष्ट मी तिले आजवर सांगतली नव्हती. जोरात हानला हे खरं आहे. पन त्याइची उसन गेली हेबी खरं आहे, नाहीतर दुसऱ्या दिवसी पुन्हा छडी बसली असती.

तुमच्या घरामागच्या सांदवाडीतल्या कवठाच्या झाडाचा वास मले अजून येते. इथी दगडी कोळशाचा वास येते, इंजनाचा येते, कागदाच्या कारखान्याचा येते. ज्या दिवसी वारा कमी असते त्या दिवसी मी डोळे मिटून तुमची सांदवाडी आठवतो, कवठ कुठी, चिंच कुठी, ढोरं कुठी बांधत होते. सारं जागच्या जागी सापडते.

पन यंदा येनं होत नाई गा. हिवाळा आला, रेल्वेच्या बाबू लोकायचे कोट शिवायचे आहेत. काम हळू होते. पायाची मशीन काढून टाकली, हाताची घेतली आहे. एका हातानं चाक फिरवा, एका हातानं कापड सारा. म्हनून दुकान सोडता येत नाई.

आता तुझ्या दुखन्याचं. हसनं बाजूले ठेव. संध्याकाळी ताप येते का? थंडी वाजते का? जेवन जाते का? खांदा दाबून दुखत नाई तर दुखनं खांद्यातलं नसन, दुसरीकडून येत असन, असं मले वाटते. वडशावरून गाडीत बस, नागभीडले उतरू नोको, सरळ चांद्याले ये अन् दवाखान्यात दाखव. मी तिथी येऊन भेटीन.

टाळू नोको. माझ्या ओळखीचा एक शिंपी आहे. त्याच्या पायात काटा रुतला होता. त्यानं कडुनिंबाचा पाला बांधला, तेलाचा चटका देल्ला, घरच्या घरी उपाय करत बसला. डॉक्टरकडे गेला तवा वेळ निघून गेली होती. चांगल्या भल्या मानसाचं लय नुकसान झालं.

शकुबाईले सलाम.

तुझा
जाफर

कुरखेडा
८ नोव्हेंबर १९५७

जाफर,

तुझं पत्र आलं. मले वाईट वाटलं, ते पहिले सांगून टाकतो, मनात ठेवलं तर फासळ्या आनखी दुखतीन.

मी तुले पाय मागतला, तू मले दवाखाना देल्ला. तुझ्या ओळखीच्या शिंप्याशी माझं काय घेनं-देनं? त्याले काटा रुतला, मले उसन भरली. काट्यावर पाला बांधते हे खरं, पन उसनीवर पायाळूच लागते, हे तुले मी सांगाव का? बाबू लोकायचे कोट पंधरा दिवस थांबले तर कोनी थंडीनं मरत नाई. बल्लारपूरचं पानी लागलं तुले. जिथी लोक पालथे पडले त्या गावाची तुले आता लाज वाटून राह्यली असन.

तू इचारतो म्हनून सांगतो. ताप येते. संध्याकाळी दिवेलागनीले थंडी भरते, घाम येते, सकाळी उतरते. भात तोंडाशी नेला की वकारी येते. खोकला बी थोडा आहे. अन् म्हनूनच मी दवाखान्यात जात नाई, आता समजलं का? फासळी दुखते, ताप येते, मानूस वाळते, खोकते. डॉक्टर काय म्हनन? क्षय म्हनन. चांद्याच्या दवाखान्यात बोललेली गोष्ट गाडीतून माझ्या पहिले कुरखेड्याले पोचते. मंग आमच्या घरचं पानी कोन पेईन? आमच्या आशाची सोयरीक मूल गावाकडच्या चांगल्या घरी जुळून राह्यली आहे. क्षयवाल्याची पोरगी कोन करते? मी मेलो तरी चालन, पन पोरीच्या लग्नाच्या आधी मले क्षय व्हायचा नाई. उसन झाली तर कोनी काही म्हनत नाई. म्हनून ही उसनच आहे.

तू येत नाईस तर शकुबाईनं दुसरा पायाळू पाह्यला. पलीकडच्या टोल्यावरचा पोचू. तुझ्यासारखा पाय लावत नाई तो, भिताडाले पाठ टेकवून गडी उभा करते अन् फासळीत लाथ घालते. भल्ला दांडगा मानूस आहे. येत्या अवसेले तो आमच्याकडे येनार आहे, कोंबडी राखून ठेवली आहे. तुझ्यावाचून काही अडलं नाई, हे कळवायले पत्र लिहिलं.

नानाजी

बल्लारपूर
१२ नोव्हेंबर १९५७

नानाजी, माझ्या भावा,

हे पत्र हाती येईन तवा अवस झाली नसावी, एवढीच दुआ करून राह्यलो आहे. पोस्टमास्तरच्या हाती नेऊन देतो.

पोचूले लाथ मारू देऊ नोको. कोनाचाच हात, पाय, कोपर तुझ्या उजव्या फासळीले लागू देऊ नोको.

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरकडे गेलो. तुझं नाव-गाव सांगतलं नाई, शपथ. त्याइनं सारं ऐकून घेतलं. म्हनाले, अशा दुखन्याची कारनं पुष्कळ असतात. फासळीले मार लागला असन, छातीत पानी झालं असन, पित्ताचे खडे असतीन, अन् क्षय बी असू शकते, पाह्यल्याबिगर सांगता येत नाई. मंग त्याइनं इचारलं, पावसाळ्यात ह्या मानसाले आव झाली होती का? मी म्हनलो, हो साहेब, पहिल्याच पत्रात लिहिलं आहे. तर ते खुर्चीवर सरळ होऊन बसले. आवेचं जहर कधी कधी काळजात उतरते, आपन कसाबाच्या दुकानात कलेजी म्हनतो ना, तिच्यात. तिथी पू धरते. वरून फासळी दुखते, अन् आतल्या पडद्याले लागलं की खांदा दुखते, खांद्यात काही नसताना. क्षय असनं जरुरी नाई. सुया देऊन, पू काढून मानूस बरा होते. पन तोवर ते फुटलं, तर वाचत नाई. मी पायाळूचं नाव घेतलं, तर त्याइचा चेहरा पाह्यला असता तू.

आता मी तुले ओळखतो. डॉक्टरचं तू ऐकनार नाईस. तर पायाळूचं ऐक. आमच्यातला एक कायदा आहे, तो आम्ही बाहेर सांगत नाई. माझी माय जाताना मले सांगून गेली. ज्या पायाळूनं एखाद्याची उसन पहिल्यांदा काढली, त्याचाच पाय त्याले जनमभर चालते. दुसऱ्याचा लागला तर उसन बाहेर निघत नाई, आत जाऊन बसते. तुझी पहिली उसन मी काढली, चौथीत असताना, तळ्याकाठी, बोडीच्या पाळीवर. तुझ्या पाठीवर माझा हक्क आहे, पोचूचा नाई.

म्हनून चांद्याले ये. मी टेसनावर राहीन. अट एकच, पहिले डॉक्टर पाह्यन, मंग मी पाय लावीन. पाय तयार आहे.

गावाची लाज वाटते म्हनून लिहिलं तू. ते वाचून जरीना उठून आत गेली. लाज नाई वाटत गा. असं पुन्हा लिहू नोको.

तुझा
जाफर

कुरखेडा
१८ नोव्हेंबर १९५७

जाफर,

हे पत्र मुखरूभाऊच्या हातचं आहे, मी पडून सांगून राह्यलो. उठलं की दम लागते.

तुझं पत्र काल आलं. असा कायदा आहे हे पहिले काऊन नाई सांगतलं? पोचूले नोको म्हनून निरोप धाडला. त्याले राग आला, तो आला अन् राखलेली कोंबडी खाऊन गेला. जाताना म्हने, असा कायदा मी ऐकला नाई. मी म्हनलो, तुले कोन सांगन, तुझ्या मायनं नसन सांगतला.

बुधवारी बैलबंडीनं वडशाले निघतो, मुखरूभाऊ सोबत आहे. गावात सांगतलं, जाफरकडे उसन काढायले चाललो. दवाखान्याचं नाव कोनाले नाई. डॉक्टरले तुझ्यासाठी पाठ दाखवतो, नाहीतर मी दाखवनारा नाई. पाय धुवून ठेव.

नानाजी

कुरखेडा
१२ जानेवारी १९५८

जाफर गा,

सुखरूप पोचलो. वडशाले बंडी आली होती. भात खातो, दोन्ही कुशीवर झोपतो, काल अर्धी पायली धान उचलून पाह्यले तर शकुबाई अंगावर धावून आली. आशाचं जुळलं. होळीनंतर लगन आहे.

चांद्याच्या दवाखान्यात तू रोज बल्लारपूरवरून येऊन बसला, पन आपन मोठी गोष्ट पुरी बोललोच नाई. तोंडानं जमलं नाई, म्हनून आता लिहितो.

गाडीतून मुखरूभाऊनं मले खाली उतरवलं, तवा मी गर्दीत तुले शोधून राह्यलो होतो. मनात म्हनत होतो, आता हा धावत येईन अन् तिथीच फलाटावर मले पालथा पाडन. तू बाकावर बसला होता. काठीवर भार देऊन उठला. पायजम्याच्या उजव्या पायाले घोट्याच्या वरतं गाठ मारली होती. मी गाठीकडे पाह्यलं, तू माझ्याकडे पाह्यलं. 'चल, टांगा उभा आहे' म्हनला. तेवढंच.

तवा सारं ध्यानात आलं. हातमशीन काऊन घेतली, तो काट्यावाला शिंपी कोन, दोन वर्सं झाली गावाले काऊन आला नाई. अन् मी तुले काय काय लिहिलं होतं! लाज वाटत असन म्हनून लिहिलं मी. ते पत्र मले परत देऊन टाक, चुलीत घालतो.

फासळ्याइतून लांब सुई घालून डॉक्टरनं पू काढला, गुळाच्या पातळ, तपकिरी राबेसारखा, भांडंभर. त्याच दिवसी खांदा थांबला. ज्या खांद्याले इथी तेल चोळून चोळून कातडं निघालं, तो खांदा बिचारा बिनकसुराचा होता. डॉक्टर म्हनाले, कोनी लाथ मारली असती तर खेळ खतम होता. तू खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. मी इचारलं, मले कळवलं काऊन नाई रे? तवा तू बोलला ते माझ्या कानातून जात नाई. 'पाय गेला तवा मले दुखन्याचं काही नाई वाटलं, नानाजी. पहिले हेच मनात आलं, का आता कुरखेड्यात मले कोन बोलावन.'

मी चादर तोंडावर ओढली, कारन मी रडून राह्यलो होतो अन् शेजारच्या खाटेवरचा बुढा पाहून राह्यला होता.

तू मायच्या नावानं खोटा कायदा सांगतला. सलीमाचाची असती तर तुले उंबराच्या फोकानं झोडलं असतं, अन् मंग जवळ घेतलं असतं. नसलेल्या पायाच्या भरवशावर मले घरातून बाहेर काढलं तू. असलेल्या पायानं एवढं काम कधी केलं नव्हतं.

गावात सारे इचारतात, जाफरनं लाथ मारली का? मी म्हनतो, मारली, अशी मारली का उसन बल्लारपूरच्या पलीकडे गेली. आता तीन-चार जन तुझी वाट पाहून राह्यले, नीलाबाईची कंबर आहे, सोनीबाई आत्याची पाठ आहे. म्हनजे अडचन झाली. मुखरूभाऊनं तिथी डोळ्यानं पाह्यलं, त्याले गप्प राहन्याची शपथ घातली; बाकी खरं फक्त शकुबाईले सांगतलं.

ती धान पाखडत होती. सुपडं खाली ठेवलं अन् डोळ्याले पदर लावला. मंग जराशानं मले म्हने, जन्मताना काय त्याइचा एकच पाय बाहेर आल्ता का? दोन्ही आल्ते ना? मंग एक आहे ना अजून.

एवढे दिवस तुले, मले, कोनालेच हे काऊन नाई सुचलं?

मंडई माझ्यासाठी थांबवून ठेवली आहे. धान चुरून, मळून झाले, की दंडार उभी राह्यन. तू ये. बंडीत तनस टाकून वडशाले मी स्वतः येतो.

तुझा
नानाजी

बल्लारपूर
१९ जानेवारी १९५८

नानाजी,

तुझं पत्र मी जरीनाले मोठ्यानं वाचून दाखवलं. शकुबाईच्या बोलन्यापाशी आलो अन् पुढं वाचता येईना. उरलेलं तिनं वाचलं.

ते पत्र परत मिळनार नाई, मी ठेवून घेतलं आहे. म्हातारपनी भांडायले कामी येईन.

शुक्रवारच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो. बाबू लोकायचे कोट झाले नाईत, थंडी बी आता सरत आली. बंडीत तनस जरा जास्त टाक, काठी घेऊन बसायले त्रास होते.

डाव्या पायाचं मले काही सांगता येत नाई गा. आजवर कोनाले लावला नाई. पहिला तुलेच लावून पाहीन, पाठीले, हळूच, फासळीपासून दूर. तवर कोनाले सांगू नोको.

आज सकाळी उठलो अन् तो पाय धुतला. साबन लावून धुतला. जरीना दारात उभी राहून हसत होती, अन् मी बी हसलो, दोन वर्सांनंतर.

तुझा
पायाळू जाफर